बाबा आमटे : बसता न येणाऱ्या माणसाची वाटचाल

७ नोव्हेंबर २०२२ च्या रात्री नांदेड जिल्ह्यातील देगलूर येथे एका पदयात्रेने तेलंगणातून महाराष्ट्रात प्रवेश केला. राहुल गांधी यांच्या नेतृत्वाखाली दोन महिन्यांपूर्वी कन्याकुमारीहून निघालेल्या या यात्रेचे नाव 'भारत जोडो' असे होते. देगलूरच्या रस्त्यावर स्वागताला उभ्या राहिलेल्यांपैकी वडीलधाऱ्यांना हे नाव नवे नव्हते. त्याआधी ३७ वर्षे, २४ डिसेंबर १९८५ रोजी, याच नावाची एक यात्रा याच कन्याकुमारीहून निघाली होती. ती सायकलींची होती. तिच्यात शंभरावर तरुण-तरुणी होते आणि त्यांना घेऊन निघालेला माणूस दोन दिवसांनी वयाची ७१ वर्षे पूर्ण करणार होता. त्याला सायकलवर बसता येत नव्हते. खरे तर त्याला कुठेच बसता येत नव्हते. खुर्चीवर, पाटावर, गाडीच्या आसनावर, कोठेही नाही. पाठीच्या कण्याने त्याच्यासाठी दोनच अवस्था शिल्लक ठेवल्या होत्या, उभे राहणे आणि आडवे होणे. त्या माणसाचे नाव मुरलीधर देवीदास आमटे, म्हणजेच बाबा आमटे.

बाबांच्या कार्याविषयी मराठी वाचकाला बरेच ठाऊक आहे. त्यांच्या पाठीविषयी मात्र फारसे बोलले जात नाही. बोलले गेलेच तर ते असामान्य सहनशक्तीचे उदाहरण म्हणून. मात्र पाठीच्या दुखण्यानंतर, शस्त्रक्रियेनंतर, माणसाने किती हालचाल करावी आणि ती कशाने मोजावी, हा आज घरोघरी पडणारा प्रश्न बाबांच्या आयुष्याला फार जवळून भिडलेला आहे. ज्या माणसांत त्यांनी आयुष्य काढले, त्यांच्या शरीराने हाच प्रश्न अगदी उलट बाजूने विचारला होता.

बाबांचा जन्म २६ डिसेंबर १९१४ रोजी वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे एका जमीनदार घराण्यात झाला. 'बाबा' हे त्यांचे लहानपणीचे लाडाचे नाव, ते पुढे साऱ्या देशाने उचलले. शिकार, मोटारी, चित्रपट अशा सर्व शौकांत वाढलेल्या या तरुणाने नागपूरला कायद्याचे शिक्षण घेतले आणि चंद्रपूर जिल्ह्यातील वरोऱ्याला वकिली केली. अंगापिंडाने ते दणकट होते. १९४२ च्या आंदोलनात पकडल्या गेलेल्या कार्यकर्त्यांच्या बचावासाठी त्यांनी वकिलांची फळी उभी केली आणि स्वतःही तुरुंगवास भोगला. धावत्या गाडीत एका स्त्रीची छेड काढणाऱ्या गोऱ्या सैनिकांना ते एकटे भिडले, तेव्हा गांधीजींनी त्यांना 'अभय साधक' म्हटले. वरोऱ्याच्या नगरपालिकेचे उपाध्यक्ष असताना सफाई कामगारांचे जिणे समजून घेण्यासाठी त्यांनी स्वतः डोक्यावरून मैल्याच्या पाट्या वाहिल्या. १८ डिसेंबर १९४६ रोजी इंदू घुले यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्याच पुढे साधनाताई म्हणून ओळखल्या गेल्या.

याच काळात पावसात, गटाराच्या कडेला पडलेला तुळशीराम नावाचा एक कुष्ठरोगी त्यांना दिसला. हातापायांची बोटे झडलेली, अंगात किडे पडलेले. अभय साधक म्हणवला जाणारा हा माणूस घाबरून पळाला. घरी पोचल्यावर त्या पळण्याचीच त्याला लाज वाटली. तो परत फिरला, तुळशीरामवर आडोसा धरला, त्याची शुश्रूषा केली. तुळशीराम वाचला नाही, पण बाबांच्या आयुष्याची दिशा त्याने ठरवून दिली. कोलकात्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये त्यांनी कुष्ठरोगाचे शिक्षण घेतले. तेथे संशोधनासाठी कुष्ठजंतू स्वतःच्या शरीरात टोचून घेण्यासही ते तयार झाले. १९४९ मध्ये महारोगी सेवा समितीची स्थापना झाली आणि १९५१ मध्ये वरोऱ्याजवळच्या ५० एकर खडकाळ माळावर आनंदवन सुरू झाले. सहा रुग्ण, एक लंगडी गाय आणि चौदा रुपये, एवढेच भांडवल होते.

आनंदवनाची पहिली विहीर खोदणाऱ्या हातांना पुरती बोटे नव्हती. येथेच आपल्या मूळ प्रश्नाची एक बाजू दिसते. कुष्ठरोगात जंतू मज्जातंतूंवर हल्ला करतात आणि हातापायांची संवेदना जाते. बोटे 'झडतात' ती रोगाने थेट नव्हे. चटका बसला तरी कळत नाही, खडा रुतला तरी माणूस चालत राहतो, जखम चिघळते, हाड खराब होते आणि अवयव झिजत जातो. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये डॉ. पॉल ब्रँड यांनी विसाव्या शतकाच्या मध्यावर हे काळजीपूर्वक सिद्ध केले. वेदना ही शरीराची चौकीदार आहे आणि ती निघून गेली की माणूस नकळत स्वतःला दुखापत करत राहतो, हा त्यांच्या संशोधनाचा गाभा होता. अशा माणसाने किती चालावे? थकवा आणि दुखणे यांवर भिस्त ठेवली तर तो पाय गमावून बसेल. म्हणून त्याला बाहेरचे मोजमाप लागते. रोज संध्याकाळी तळपाय डोळ्यांनी तपासायचे, लालसर डाग दिसला तर दुसऱ्या दिवशी चाल कमी करायची, पायात योग्य पादत्राणे घालायची, हत्याराची मूठ गुंडाळून घ्यायची.

आनंदवनात कामाला जे स्थान मिळाले, त्यामागे दयेला नकार होता. भीक माणसाला आणखी पंगू करते आणि श्रम त्याला उभा करतो, या विचारावर ती वसाहत उभी राहिली. कोणी किती गमावले याची मोजदाद तेथे झाली नाही. विहिरी किती खोदल्या, किती जमीन लागवडीखाली आली, किती धान्य पिकले, मागावर किती कापड विणले, याची झाली. सुरुवातीला आनंदवनाची भाजी विकत घ्यायला वरोऱ्याचे लोक धजावत नसत. १९५४ मध्ये सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल या संस्थेचे परदेशी स्वयंसेवक येथे येऊन राहिले, रुग्णांबरोबर राबले, जेवले, आणि गावकऱ्यांची भीती हळूहळू ओसरली. पुढे याच कुष्ठमुक्त हातांनी वरोऱ्याच्या मुलांसाठी आनंदनिकेतन महाविद्यालयाची इमारत बांधली. ज्या गावाने भाजी नाकारली होती, त्या गावाची मुले त्या इमारतीत शिकू लागली.

बाबांनी पन्नाशी गाठली त्या सुमारास त्यांच्या स्वतःच्या शरीराने हाच प्रश्न दुसऱ्या टोकाकडून विचारायला सुरुवात केली. मान आणि कंबर, दोन्ही ठिकाणचे मणके झिजू लागले. मणक्यांवर शस्त्रक्रिया झाल्या, गळ्याला पट्टा आला, कंबरेला पट्टा आला, पण झीज थांबली नाही. आनंदवनातल्या रुग्णांना वेदना पुरेशी होत नव्हती. बाबांना ती नको इतकी होत होती. चौकीदार तेथे झोपलेला होता आणि येथे तो अहोरात्र ओरडत होता. चौकीदार अखंड ओरडू लागला की त्याच्या आवाजावरून खरा धोका कोणता आणि जुनाच कोलाहल कोणता, हे ओळखता येत नाही.

उभे राहता येते, झोपता येते, पण बसता येत नाही, हे ऐकणाऱ्याला चमत्कारिक वाटते. त्यामागे शरीरशास्त्र आहे. स्वीडनचे अस्थिरोगतज्ज्ञ आल्फ नॅकेमसन यांनी १९६० च्या दशकात कंबरेच्या मणक्यांमधील चकतीत सुई घालून तेथील दाब प्रत्यक्ष मोजला. उभे राहिल्यावरचा दाब १०० धरला, तर पाठीवर झोपल्यावर तो सुमारे २५ पर्यंत उतरतो, आधाराशिवाय बसल्यावर १४० च्या आसपास जातो आणि बसून पुढे वाकल्यावर १८५ पर्यंत चढतो, असे त्यांना आढळले. १९९९ मध्ये जर्मनीतील संशोधकांनी आधुनिक साधनांनी केलेल्या मोजणीत आरामात बसण्याचा दाब इतका जास्त आढळला नाही, पण पुढे वाकून बसणे आणि वाकून ओझे उचलणे चकतीला जड जाते, हे त्यातही दिसले. कंबरदुखीचा रुग्ण खुर्चीवर तळमळतो आणि चालायला लागला की सैलावतो, हा अनेक घरांतला अनुभव त्यामुळे नवलाचा राहत नाही. बाबांच्या बाबतीत हे टोकाला गेले होते, एवढेच.

त्याच काळात जगातील सर्वांत सत्तावान माणसाची कंबरही अशीच अडली होती. अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी यांच्या पाठीवर १९४४ ते १९५७ या काळात चार शस्त्रक्रिया झाल्या. १९५४ च्या शस्त्रक्रियेनंतर जंतुसंसर्गाने ते मरणाच्या दारात जाऊन आले. १९६१ मध्ये कुबड्या घेण्याची वेळ पुन्हा आली, तेव्हा डॉ. हान्स क्राउस यांनी त्यांच्यासाठी व्यायामाचा कार्यक्रम आखला. आठवड्यातून ठरावीक वेळा, ठरावीक हालचाली, हळूहळू वाढवत न्यायच्या. त्या व्यायामाने त्यांची पाठ अनेक वर्षांत प्रथमच सुधारू लागली. एवढ्या शस्त्रक्रियांना जे साधले नव्हते, त्यातले काही नियमित आणि मोजून केलेल्या हालचालीने साधले.

बाबांसमोर दोन वाटा होत्या. शरीराने बसण्याची सोय काढून घेतली, म्हणून काम थांबवून आनंदवनात आदराने पडून राहणे ही एक. तसे केले असते तर त्यांना कोणी नावे ठेवली नसती. पण मग त्यांनी तुळशीरामच्या भाऊबंदांना जे सांगितले होते, त्याचे काय? बोटे नसलेल्या माणसाला कुदळ धरायला लावणाऱ्याने स्वतःच्या कण्यासाठी वेगळा नियम करायचा का? बाबांनी दुसरी वाट धरली. जे उभ्याने करता येईल ते उभ्याने आणि जे पडून करता येईल ते पडून. भेटायला येणाऱ्यांशी ते खाटेवर आडवे होऊन बोलत. मजकूर पडल्यापडल्या सांगत. प्रवासासाठी गाडीत बिछाना घातला गेला.

१९६७ मध्ये सुरू झालेला सोमनाथ प्रकल्प आणि तेथील तरुणांची श्रमसंस्कार छावणी, २३ डिसेंबर १९७३ रोजी भामरागडच्या जंगलात माडिया आदिवासींसाठी सुरू झालेला हेमलकशाचा लोकबिरादरी प्रकल्प, हे सारे पाठीच्या दुखण्याच्या वर्षांतलेच. हेमलकशाची जबाबदारी प्रकाश आणि मंदाकिनी या डॉक्टर दांपत्याने घेतली आणि आनंदवनाची धुरा विकास आणि भारती यांनी सांभाळली. या विभागणीला शरीराच्या मर्यादेचे भान होते. या सर्व काळात साधनाताईंनी जे सोसले, ते मोजणारे मापच नाही. पट्टे बांधणारे, उठवणारे, पथ्य पाहणारे आणि येणाऱ्या शेकडो माणसांच्या जेवणाची काळजी वाहणारे हात त्यांचे होते. पाठीच्या रुग्णाची वाटचाल एकट्याची कधीच नसते.

१९८५ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला आणि त्याच वर्षअखेर 'भारत जोडो' निघाली. पंजाब पेटलेला होता, इंदिरा गांधींच्या हत्येला आणि त्यानंतरच्या शीखविरोधी हिंसाचाराला जेमतेम वर्ष लोटले होते. कन्याकुमारी ते काश्मीर हे ५,०४२ किलोमीटरचे अंतर तरुण सायकलींवर तोडत होते आणि बाबा बिछान्यावर पडून त्यांच्याबरोबर गाडीतून जात होते. मुक्काम आला की खाली उतरून उभ्याने बोलायचे, पुन्हा आडवे व्हायचे. जवळपास साडेतीन महिन्यांचा हा क्रम होता. रोज अमुक इतके अंतर, त्यानंतर विश्रांती, दुसऱ्या दिवशी पुन्हा तितकेच. दुखणे आज कमी आहे म्हणून दुप्पट जायचे नाही आणि आज जास्त आहे म्हणून मुक्काम वाढवायचा नाही. यात्रेच्या वेळापत्रकाने त्यांच्या शरीरालाही एक ठरलेले माप दिले. १९८८ मध्ये दुसरी यात्रा निघाली ती पूर्वेकडून पश्चिमेकडे, अरुणाचलातील इटानगरपासून गुजरातमधील ओख्यापर्यंत. तिचे अंतर साडेसात हजार किलोमीटरहून अधिक होते.

पाठीच्या शस्त्रक्रियेनंतरच्या आजच्या उपचारांत हेच तत्त्व वेगळ्या शब्दांत सांगितले जाते. आठवडेच्या आठवडे अंथरुणाला खिळून राहण्याचा जुना सल्ला आता मागे पडला आहे. कंबरेच्या बहुतेक शस्त्रक्रियांनंतर रुग्णाला त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी उभे करून चालवतात. वाकणे, पिळणे आणि जड उचलणे काही आठवडे टाळायचे, आणि चालणे मात्र थोडे थोडे, दिवसातून अनेकदा करायचे. मनगटावरच्या घड्याळाने किंवा खिशातल्या फोनने पावले मोजणे आता सोपे झाले आहे. पावले मोजण्याच्या छंदाला १९६५ मध्ये जपानमध्ये बाजारात आलेल्या एका पाऊलमापकाने जोर दिला. त्याच्या नावाचाच अर्थ दहा हजार पावलांचा मापक असा होता. दहा हजार हा आकडा त्या नावातून रूढ झाला. नुकत्याच शस्त्रक्रिया झालेल्या माणसाला तो लागू नाही.

त्याच्यासाठी उपयोगी आकडा एकच, काल आपण किती चाललो. शस्त्रक्रियेनंतर पावले एकदम घटतात आणि पुढच्या आठवड्यांत सावकाश वाढतात, हा सर्वसाधारण क्रम आहे. वेदना आणि हालचाल नेहमी हातात हात घालून चालत नाहीत, असेही अभ्यासांत दिसते. दुखणे कमी झाले म्हणून समाधान सांगणारे काही रुग्ण प्रत्यक्षात पूर्वीइतकेच कमी चालतात. उलट काही जण बऱ्या वाटणाऱ्या एका दिवशी सारी राहिलेली कामे उरकतात आणि पुढचे चार दिवस अंथरुणात काढतात. रोजची नोंद या दोन्ही फसगती उघड्या पाडते. ठरलेल्या मर्यादेत चालणे, काही दिवस तेवढेच टिकवणे आणि मग थोडे वाढवणे, हा त्यातला मार्ग. मात्र पायातली ताकद अचानक कमी होणे, जांघेत बधिरपणा येणे, लघवी-शौचावरचा ताबा सुटणे, ताप येणे किंवा जखमेतून स्राव येणे, ही लक्षणे पावलांच्या हिशेबात बसत नाहीत. तेथे वाट न पाहता डॉक्टरांकडे जायचे असते.

बाबांच्या आयुष्याकडे केवळ जिद्दीचा धडा म्हणून पाहण्यात म्हणूनच एक धोका आहे. त्यांच्यासारखे वेदनेकडे दुर्लक्ष करावे, असा अर्थ काढला तर तो चुकीचा ठरेल. संवेदना हरवलेल्या शेकडो पायांच्या जखमा रोज पाहिलेल्या माणसाला वेदनेची किंमत इतरांपेक्षा अधिक ठाऊक होती. पट्टा, बिछाना, विश्रांती यांची शिस्त त्यांनी पाळली. बसता येत नाही हे त्यांनी मान्य केले आणि बसण्यासाठी झगडण्यात आयुष्य घालवले नाही.

याची सर्वांत कठीण कसोटी उतारवयात लागली. २८ सप्टेंबर १९८९ रोजी मध्य प्रदेशातील हरसूद येथे मोठ्या धरणांविरुद्ध झालेल्या प्रचंड मेळाव्यात ते सहभागी झाले. १९९० मध्ये पंचाहत्तरी उलटल्यावर त्यांनी आनंदवन सोडले आणि साधनाताईंसह नर्मदेच्या काठी, बडवानीजवळच्या कसरावद येथे मुक्काम हलवला. त्याच वर्षी डिसेंबरच्या अखेरीस बडवानीच्या राजघाटावरून धरणग्रस्तांची संघर्षयात्रा निघाली, तेव्हा ७६ वर्षांचे बाबा तिच्यात होते. गुजरातच्या सीमेवर फेरकुव्याला यात्रा अडवली गेली आणि थंडीत दिवसामागून दिवस मुक्काम पडला. सुमारे दहा वर्षे ते नदीकाठी राहिले. तेथे त्यांच्या शरीराने करता येईल असे काम एकच होते, तेथे असणे. लढ्याला हवे तसे यश आले नाही. १८ ऑक्टोबर २००० च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने सरदार सरोवराच्या बांधकामाला वाट मोकळी करून दिली आणि २०१७ मध्ये धरणाचे लोकार्पण झाले. आकड्यांत मोजायचे तर हा पराभव होता. पण घरदार बुडणाऱ्या माणसांच्या शेजारी एक वृद्ध, पाठ मोडलेला माणूस वर्षानुवर्षे राहिला, हे त्या खोऱ्यातील लोकांनी विसरलेले नाही.

थकलेले बाबा अखेर आनंदवनात परतले. रक्ताच्या कर्करोगाने ९ फेब्रुवारी २००८ रोजी तेथेच त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांचे वय ९३ होते. त्यांच्या इच्छेप्रमाणे चिता न रचता त्यांचा देह आनंदवनाच्या मातीत पुरण्यात आला. ९ जुलै २०११ रोजी साधनाताईही गेल्या. सहा रुग्णांपासून सुरू झालेल्या त्या खडकाळ माळावर आज एक गाव नांदते. कुदळीचा प्रत्येक घाव मोजून घालावा लागणाऱ्या हातांनी ते उभे केले आणि पुढची चार दशके त्या हातांची सोबत करणारा माणूस कधी उभा होता, तर कधी आडवा.